सामाईक विहीर आणि जावास्क्रिप्ट

(१९९५ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात, नांदेड येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी प्रत्येकाला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि अट घातली आहे की आपापल्या कामातलं काहीतरी सांगायचं, पण सगळ्यांना कळेल असं. डॉक्टर मंडळींना हे सोपं जातं. आत्ताच आपल्या एका डॉक्टर मित्राने मधुमेहावर बोलून जेवणातल्या जिलेबीची चव घालवली. मी सॉफ्टवेअरवाली. माझ्या कामाबद्दल नातेवाईकांना एवढंच माहीत असतं की प्रिंटर बिघडला की हिला बोलवायचं. म्हणून आज एकच गोष्ट घेऊन आले आहे. तुम्ही मोबाइलवर बँकेचं पान उघडता, रेल्वेचं तिकीट काढता, मुलांचा निकाल बघता, त्या प्रत्येक पानामागे जी भाषा चालते तिचं नाव जावास्क्रिप्ट. या भाषेत वारसा चालवायची एक वेगळी रीत आहे. त्या रीतीत माणसं कशी फसतात, ते सांगते.

या भाषेचं आणि आपल्या तुकडीचं वय सारखं आहे. १९९५ च्या मे महिन्यात आपण बोर्डाची परीक्षा देऊन निकालाची वाट पाहत उन्हात हिंडत होतो. त्याच महिन्यात कॅलिफोर्नियात नेटस्केप नावाच्या कंपनीत ब्रेंडन आइक नावाच्या माणसाने दहा दिवसांत या भाषेचा पहिला नमुना उभा केला. ब्राउझरमध्ये चालेल अशी छोटी भाषा कंपनीला घाईने हवी होती. पहिलं नाव मोका, मग लाइव्हस्क्रिप्ट आणि त्या वर्षाच्या डिसेंबरात जावास्क्रिप्ट. 'जावा' नावाची दुसरी भाषा तेव्हा फार गाजत होती, म्हणून तिचं नाव जोडलं. नात्यागोत्याने दोघींचा संबंध फारसा नाही. नावामुळे मात्र तीस वर्षं लोक हिला जावाची धाकटी बहीण समजतात आणि तिथूनच घोटाळ्याला सुरुवात होते.

घोटाळा समजायला माळेगावच्या यात्रेत जाऊ. खंडोबाचं दर्शन झालं की आपली घरची माणसं जनावरांच्या बाजारात जायची. लाल कंधारी कशी असते किंवा देवणी कशी असते, हे दोन प्रकारे सांगता येतं. पहिला प्रकार कागदाचा: रंग असा, शिंगं अशी, कान असे, वशिंड एवढं. वर्णन आधी, जनावर नंतर. दुसरा प्रकार आपल्या आजोबांचा. ते दावणीच्या एका गायीकडे बोट दाखवून म्हणायचे, "हिच्यासारखी पाहिजे, फक्त जरा उंच."

जावा, सी प्लस प्लस या भाषा पहिल्या प्रकारच्या. त्या कागदाला त्या 'क्लास' म्हणतात. आम्हाला इंजिनिअरिंगला हेच शिकवलं आणि जगात दुसरं काही असेल असं वाटलंही नाही. जावास्क्रिप्ट दुसऱ्या प्रकारची. तिथे मुळात कागद नव्हता. एक खरीखुरी वस्तू नमुना म्हणून समोर ठेवायची आणि म्हणायचं, नवी वस्तू हिच्यासारखी. या नमुन्याला 'प्रोटोटाइप' म्हणतात आणि वस्तूला 'ऑब्जेक्ट'. (लातूर पॅटर्नशी याचा संबंध नाही. तरी अकरावी-बारावीला लातूरला राहिलेल्यांना कल्पना लगेच पटेल. तिथे नियमावली कुणी वाचली होती? गेल्या वर्षीच्या बोर्डात आलेल्या मुलाकडे बोट दाखवायचे आणि म्हणायचे, त्याच्यासारखं कर.) ही कल्पना आइकने 'सेल्फ' नावाच्या भाषेवरून घेतली. डेव्हिड उंगर आणि रँडल स्मिथ यांनी तिच्यावरचा निबंध १९८७ मध्ये प्रसिद्ध केला होता. कल्पना सुंदर आहे, हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं ऐकून तुम्हाला वाटेल मी तिच्यावर रागावले आहे.

आता 'सारखी' म्हणजे नेमकं काय? आपल्याकडे वडिलांची जमीन मुलांकडे येते तेव्हा वाटणी होते, फेरफार पडतो, सातबाऱ्यावर नाव चढतं. त्यानंतर थोरल्याने त्याच्या तुकड्यात काय पेरलं याचा धाकट्याला फरक पडत नाही. जावास्क्रिप्टमध्ये वाटणीच होत नाही. नव्या ऑब्जेक्टला नमुन्यातलं काहीही दिलं जात नाही. फक्त एक खूण दिली जाते: तुझ्याकडे नसेल तर तिकडे विचार.

हे लातूरच्या पाण्यासारखं आहे. घरातल्या हौदात पाणी आहे का? नसेल तर सोसायटीच्या बोअरला. बोअर आटला तर महानगरपालिकेच्या टाकीवर. टाकीत कुठून? मांजरा धरणातून. २०१६ च्या उन्हाळ्यात धरणही आटलं तेव्हा साखळी आणखी लांबली आणि एप्रिलमध्ये मिरजेहून 'जलदूत' रेल्वे आली. पहिल्या खेपेला दहा टाक्या, पाच लाख लिटर. नळ उघडणाऱ्या माणसाला यातलं काही दिसत नाही. त्याला एवढंच कळतं की पाणी आलं किंवा नाही आलं. जावास्क्रिप्टमध्येही तसंच. तुम्ही ऑब्जेक्टला विचारता, तुझ्याकडे 'नाव' आहे का? नसेल तर ती गुपचूप नमुन्याकडे जाते, तिथे नसेल तर नमुन्याच्या नमुन्याकडे. अगदी वर सगळ्यांचा मूळ नमुना असतो. तिथेही नसेल तर उत्तर येतं 'अनडिफाइंड', म्हणजे नळाला फुस्स आवाज.

हे झालं वाचण्याचं. लिहिताना मात्र उलटं होतं. तुम्ही ऑब्जेक्टला म्हणालात की तुझं नाव अमुक ठेव, तर ती वर जात नाही, स्वतःपाशीच ठेवते. म्हणजे पाणी आणायला वर जायचं, पण घरात आणलेली वस्तू आपल्याच घरात राहायची. वाचणं वर, लिहिणं खाली. एवढं लक्षात ठेवा, कारण पुढचे सगळे अपघात या दोन वाक्यांच्या सांध्यात होतात.

पहिला अपघात मी डोळ्यांनी पाहिलेला. काही वर्षांपूर्वी मला एका कंपनीत दुसऱ्या गटाचं काम तपासायला बसवलं होतं. रुग्णालयांसाठी नोंदणीची प्रणाली होती. तिथे एक 'नमुना रुग्ण' केला होता: नाव रिकामं, वय शून्य, ॲलर्जींची यादी रिकामी. प्रत्येक नवा रुग्ण या नमुन्यासारखा. लिहिणारा मुलगा हुशार होता आणि त्याची प्रत्येक ओळ एकेकटी पाहिली तर बरोबर होती. नाव लिहिलं, ते त्या रुग्णापाशी राहिलं. वय लिहिलं, तेही राहिलं. मग ओळ आली: या रुग्णाच्या ॲलर्जींच्या यादीत पेनिसिलिन घाल.

हे वाक्य नीट ऐका. 'रुग्णाला यादी दे' असं ते नाही. 'रुग्णाच्या यादीत घाल' असं आहे. म्हणजे आधी यादी शोधावी लागते आणि शोधणं म्हणजे वाचणं. रुग्णापाशी स्वतःची यादी नाही, म्हणून शोध वर गेला, नमुन्याची यादी सापडली आणि पेनिसिलिन त्या यादीत पडलं. ती यादी कुणा एकाची नव्हतीच. सामाईक विहिरीत बादली टाकून आपल्या घरी पाणी आणलं तर शेजाऱ्याचं काही बिघडत नाही. पण विहिरीतच औषध ओतलं तर ते सगळ्यांच्या घरी जातं. त्या क्षणापासून प्रत्येक रुग्णाला पेनिसिलिनची ॲलर्जी.

आम्ही दहा खोटे रुग्ण भरले आणि दहाही जणांपुढे तीच ॲलर्जी आली तेव्हा खोलीत हशा झाला. मग कुणीतरी उलटा प्रश्न विचारला आणि हसू थांबलं. समजा नर्सबाईंनी पाहिलं की या पेशंटला तर अशी काही ॲलर्जी नाही, चुकून पडलंय, आणि नोंद पुसली. ती कुणाची पुसली जाईल? सगळ्यांची. ज्याला खरोखर पेनिसिलिन चालत नाही, त्याचीसुद्धा. आणि पुसणाऱ्या बाईंचं काहीच चुकलेलं नसेल.

हे आधी का सापडलं नव्हतं? कारण त्यांच्या सगळ्या चाचण्या एका रुग्णावर होत्या. रुग्ण बनवा, ॲलर्जी घाला, दिसते का पाहा. दिसते. पास. विहिरीवर एकच घर असेल तर ती सामाईक आहे हे कळणार कसं? दोष दुसऱ्या रुग्णापासून सुरू होतो. प्रणाली रुग्णालयात जायच्या आधी हे सापडलं, आणि दुरुस्ती एका ओळीची होती: रुग्ण तयार होताना त्याला त्याची स्वतःची रिकामी यादी द्यायची. पद्धती, म्हणजे 'वय मोज', 'बिल काढ' अशी कामं, खुशाल नमुन्यावर ठेवा, ती सगळ्यांची एकच असतात. बदलणारी माहिती ज्याची त्याच्यापाशी.

दुसऱ्या अपघाताला मी गंमत म्हणते, कारण आपल्या मराठीला तो होत नाही. मुलांना एक ठरलेला सराव देतात: लेखातला प्रत्येक शब्द किती वेळा आला ते मोजा. मुलं एक रिकामा ऑब्जेक्ट घेतात, शब्द आला की त्या नावाचा आकडा एकाने वाढवतात. मराठी लेख द्या, बिनचूक चालतं. इंग्रजी लेख द्या आणि त्यात 'कन्स्ट्रक्टर' हा शब्द येऊ द्या. सगळे आकडे ठीक, या एका शब्दापुढे आकड्याऐवजी भलतंच लांबलचक काहीतरी लिहिलेलं आणि त्याच्या शेपटीला एक. कारण रिकामा ऑब्जेक्ट रिकामा नसतोच. 'तुझ्याकडे कन्स्ट्रक्टर आहे का?' असं विचारलं की तो मूळ नमुन्याकडे जातो आणि तिथे त्या नावाची गोष्ट भाषेनेच आधी ठेवलेली आहे. तिथली सगळी नावं इंग्रजी, म्हणून देवनागरी शब्द कधी अडकत नाही. उपाय साधा आहे. मोजदादीला 'मॅप' नावाची वेगळी सोय वापरायची किंवा ज्याच्या वर कुणीच नाही असा निपुत्रिक, चुकलं, अनाथ ऑब्जेक्ट बनवायचा. भाषेत दोन्हींची सोय आहे.

तिसरा अपघात सर्वांत महागाचा, कारण तिथे विहिरीत औषध चुकून पडत नाही, कुणीतरी मुद्दाम ओततं.

बाहेरून आलेली माहिती आपल्या ऑब्जेक्टमध्ये मिसळणं हे आमचं रोजचं काम. तुम्ही फॉर्म भरता, ती माहिती येते, आम्ही ती आधीच्या माहितीत मिसळतो. खोक्यात खोकं असेल तर आतल्या खोक्यातही शिरतो. आता जावास्क्रिप्टमध्ये प्रत्येक ऑब्जेक्टपाशी 'प्रोटो' नावाची एक खिडकी आहे, नावाच्या आधी दोन आणि नंतर दोन अंडरस्कोअर. त्या खिडकीतून नमुना दिसतो. कुणी फॉर्ममध्ये मुद्दाम तेच नाव पाठवलं, आणि त्याच्या आत लिहिलं 'अधिकारी: होय', तर मिसळणारा भोळा प्रोग्राम काय करेल? तो म्हणेल, चला, 'प्रोटो' नावाच्या खोक्यात शिरू. शिरण्यासाठी वाचलं, वाचणं वर गेलं, हाती आला सगळ्यांचा मूळ नमुना आणि तिथेच लिहिलं: 'अधिकारी: होय'. पेनिसिलिनचंच दुसरं रूप. फरक एवढाच की ती एका प्रणालीतल्या रुग्णांची विहीर होती आणि हे धरण. यानंतर प्रोग्राममध्ये कुठेही, कुणाहीबद्दल विचारलं की हा माणूस अधिकारी आहे का, तर ज्याच्यापाशी उत्तर नाही तो वर जातो आणि 'होय' घेऊन येतो. विचारणारी ओळ निर्दोष असते. तिच्याकडे कितीही टक लावून बसा, चूक सापडत नाही.

याला 'प्रोटोटाइप पोल्यूशन' म्हणतात, नमुन्याचं प्रदूषण. जेक्वेरी नावाचं, जगभरच्या संकेतस्थळांवर असलेलं ग्रंथालय यात सापडलं. २०१९ च्या एप्रिलमध्ये आलेल्या ३.४.० आवृत्तीत ते दुरुस्त झालं. त्याच वर्षी लोडॅश नावाच्या तितक्याच लोकप्रिय ग्रंथालयातही असंच भोक सापडलं आणि तिथला मार्ग जास्त बोलका होता. 'प्रोटो'ची खिडकी टाळून 'कन्स्ट्रक्टर'मधून 'प्रोटोटाइप'कडे गेलं की माणूस त्याच विहिरीवर पोहोचतो. पुढचं दार लावून घेतलं तरी परसदार होतंच. दुरुस्त आवृत्ती आली म्हणजे प्रश्न मिटला असं मात्र नाही. एकदा कंत्राट देऊन बनवलेलं संस्थेचं संकेतस्थळ नंतर कुणी उघडून बघत नाही. तुमच्यापैकी शाळा, पतसंस्था, बाजार समित्या चालवणारे इथे बसले आहेत. बनवणाऱ्याला एकदा विचारा, आपल्या पानावर जेक्वेरीची कोणती आवृत्ती आहे. ३.४.० च्या आधीची निघाली तर बदलून घ्या.

एक चौथी गोष्टही सांगते, कारण ती अगदी गावातल्या भांडणासारखी आहे. २००६ च्या सुमारास मूटूल्स नावाचं ग्रंथालय आलं. त्यांनी सोयीसाठी भाषेच्या सगळ्या याद्यांच्या मूळ नमुन्यावरच आपली कामं बसवली. सामाईक विहिरीवर आपली मोटर बसवावी तशी. त्यातलं एक काम 'फ्लॅटन', म्हणजे यादीतल्या याद्या सपाट करणं. पुढे २०१८ मध्ये भाषेचे नियम ठरवणाऱ्या समितीला हेच काम, याच नावाने, अधिकृतपणे द्यायचं होतं. फायरफॉक्सने चाचणीपुरतं चालू केलं आणि एक जुनं संकेतस्थळ मोडलं. कारण असं की भाषेची स्वतःची कामं नमुन्यावर झाकून ठेवलेली असतात, यादी वाचताना मोजली जात नाहीत. मूटूल्सने आपलं 'फ्लॅटन' त्या झाकलेल्या जागेवर ठेवलं, तर तेही झाकलं गेलं आणि मूटूल्सच्या स्वतःच्याच मोजणीत ते सापडेना. मग नाव बदलायची चर्चा सुरू झाली. कुणीतरी थट्टेने 'स्मूश' सुचवलं, म्हणजे चेंदामेंदा. त्यावर जगभरच्या प्रोग्रामरांनी खूप वाद घातला. शेवटी 'फ्लॅट' ठरलं आणि आजही तेच आहे. बारा वर्षांपूर्वी कुणी तरी विहिरीवर मोटर बसवली, म्हणून पंचायतीला आपल्याच पंपाचं नाव बदलावं लागलं. आणि पंचायतीने समजूतदारपणा दाखवला असं माझं मत आहे. नाहीतर मोडली असती ती जुनी संकेतस्थळं, ज्यांचे मालक आता कुठे आहेत हेही कुणाला ठाऊक नाही.

भाषण झाल्यावर दोन प्रश्न आले. संयोजकांच्या आग्रहावरून तेही इथे लिहून देते.

पहिला आपल्या गणिताच्या सरांचा. वय झालं तरी सरांची खोडी तीच, नेमकं दुखऱ्या जागी बोट. म्हणाले, "एवढा त्रास आहे तर प्रत्येकाला स्वतंत्र विहीर का खणून देत नाही?" सर, कारण विहीर खणायला जागा लागते. १९९५ च्या संगणकात स्मरणशक्ती आजच्या साध्या मोबाइलच्या पासंगालाही पुरणार नाही एवढी होती. हजार ऑब्जेक्टना एकाच कामाच्या हजार प्रती देणं परवडत नव्हतं. शिवाय एका ठिकाणी दुरुस्ती केली की सगळ्यांची होते, हा फायदा खराच आहे. २०१५ मध्ये भाषेत 'क्लास' हा शब्दही आला आणि बरेच जण म्हणाले, सुटलो. पण ती घराला दिलेली नवी रंगसफेदी होती. आतल्या भिंती, म्हणजे नमुन्याची साखळी, त्याच आहेत. कामं अजूनही सामाईक नमुन्यावरच बसतात. जो मुलगा फक्त रंग पाहून शिकतो, तो त्या भिंतीला खिळा ठोकताना शेजाऱ्याचा आरसा पाडतो. सरांनी मान हलवली. पटली की सोडून दिलं, ते त्यांच्या वर्गातही कळायचं नाही.

दुसरा प्रश्न मागच्या बाकावरच्या मित्राचा. तो आजही मागेच बसला होता. "आमचं पोरगं पुण्यात हेच शिकायलंय. तू बोललेलं मला निम्मं कळलं. त्याला काय विचारू, ते सांग."

त्याला हे विचार: एक नमुना कर, त्यात एक रिकामी यादी ठेव. त्या नमुन्यासारखे दोन ऑब्जेक्ट कर. पहिल्याच्या यादीत एक वस्तू घाल आणि दुसऱ्याची यादी छापून दाखव. छापायच्या आधी काय दिसेल ते कागदावर लिहायला लाव. मग विचार, दुसऱ्याला स्वतःची यादी कोणत्या ओळीवर मिळायला हवी होती. बरोबर ओळीवर बोट ठेवलं तर त्याला पुढच्या महिन्याचे पैसे वेळेवर पाठव.